विजेचा टाका

घरात खऱ्या जरीची जुनी पैठणी असेल आणि हाताशी मल्टिमीटर असेल, तर एक प्रयोग जरूर करून बघावा. दोन टोकांमधून वीज वाहिली की ‘पीं’ असा आवाज करण्याची सोय मल्टिमीटरमध्ये असते. ती सुरू करायची आणि दोन्ही टोकं काठातल्या एकाच जरीच्या धाग्यावर, बोटभर अंतरावर, अगदी अलगद टेकवायची. धागा फार काळवंडलेला नसेल तर बहुधा आवाज येतो. पणजीच्या लग्नातली साडी वीज वाहून नेऊ शकते!

यात चमत्कार काही नाही. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्याभोवती वळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. या धाग्याला कलाबतू म्हणतात. चांदी हा विजेचा सर्वांत चांगला वाहक धातू आहे. शिवाय स्प्रिंगसारखी वळलेली असल्यामुळे ही तार रेशमाबरोबर वाकते, घडी पडली तरी सहज तुटत नाही. हल्लीच्या स्वस्त जरीत मात्र प्लॅस्टिकच्या झिरझिरीत पट्टीवर धातूचा लेप असतो आणि लेपावर पारदर्शक थर, म्हणून तिथे मल्टिमीटर गप्प राहतो.

अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी 1997 मध्ये ‘धुता येणारा संगणक’ या कल्पनेवर शोधनिबंध लिहिला. त्यांनी सुरुवातीला हाती घेतलेलं कापड असंच होतं. रेशमी ऑर्गंझा. त्यातले उभे धागे साध्या रेशमाचे आणि आडवे धागे धातूची पातळ पट्टी गुंडाळलेल्या रेशमाचे. त्यामुळे वीज फक्त आडवी वाहायची, शेजारशेजारचे धागे एकमेकांना न चिकटता वेगवेगळ्या तारांसारखे वागायचे. शोभेसाठी विणलेलं कापड जसंच्या तसं तारांच्या पट्ट्यासारखं वापरता येत होतं.

म्हणजे कापडातून वीज कशी न्यायची हा प्रश्न जर वळणाऱ्या कारागिरांनी नकळत कधीच सोडवून ठेवला होता. खरी अडचण त्याच्या पुढे आहे. या मऊ, घडी पडणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाला कडक दिवा, कडक चिप आणि कडक बॅटरी जोडायची कशी? कपड्यातली इलेक्ट्रॉनिक्स बिघडते ती बहुतेक वेळा याच जागी, सांध्यावर. चिप शाबूत असते, कापड शाबूत असतं आणि दोघांच्या मधली केसाएवढी जागा तुटलेली असते.

काजवे का विझले?

हे मला पुस्तकातून कळण्याआधी एका परकराने शिकवलं. भाचीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात काजव्यांचा नाच होता. मी हौसेने तिच्या परकराच्या घेरावर बारा छोटे एलईडी लावले, बारीक तारांनी जोडले, प्रत्येक सांध्याला नीट डाख दिला आणि तारा अस्तराखाली लपवल्या. टेबलावर बाराच्या बारा काजवे लखलखले. तिसऱ्या तालमीला पाच विझले होते.

उसवून पाहिलं तर पाचही ठिकाणी एकच गोष्ट दिसली. डाख पक्का होता, एलईडी चांगला होता. तार तुटली होती ती डाख जिथे संपतो त्याच्या लगेच पुढे. एकदा नव्हे, पाचही वेळा, तिथेच.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बारीक तार अनेक केसासारख्या तारांची वळलेली असते, म्हणून ती लवचीक असते. डाख देताना वितळलेला कथिल-शिशाचा रस दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा त्या केसांमधून वर चढतो आणि तेवढा भाग एकसंध, कडक करून टाकतो. आता एका बाजूला कडक काडी आणि दुसऱ्या बाजूला मऊ तार. कपडा हलला की कडक भाग वाकत नाही. त्याच्या वाट्याचं वाकणं सीमेवरच्या एक-दोन मिलिमीटर तारेला सोसावं लागतं. धातूची तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, हे आपण लहानपणी हाताने करून पाहिलेलं असतं. मोबाइलच्या चार्जरची वायरसुद्धा मध्येच तुटत नाही. प्लगच्या मानेपाशीच तुटते.

माणसाचं शरीर किती हलतं याचा आपल्याला अंदाज नसतो. कोपर किंवा गुडघा पूर्ण दुमडला की त्यावरची त्वचा सुमारे तीस टक्के, काही दिशांनी त्याहूनही जास्त ताणली जाते. तंग कपड्यालाही तेवढंच ताणावं लागतं. याउलट तांब्याची सरळ तार एक टक्का ओढली तरी ती पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. या दोन आकड्यांमधली दरी हीच या सगळ्या विद्येची मूळ अडचण आहे.

परकर घेऊन मी शेजारी शिलाईकाम करणाऱ्या काकूंकडे गेलो. त्यांना विजेतलं काही कळत नव्हतं. त्यांनी एलईडीची चकती उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “हिला देठ कुठाय? कोटाचं बटण कापडाला आवळून लावलं तर चार दिवसांत कापडच फाटतं.” मग त्यांनी बटण लावायची पद्धत दाखवली. बटण आणि कापड यांच्यामध्ये काडी धरून टाके घ्यायचे, काडी काढायची आणि मोकळ्या टाक्यांभोवती दोरा गुंडाळून छोटा देठ करायचा. बटणाच्या मागे, कापडाच्या आतल्या बाजूला, बकरमचा तुकडा ठेवायचा.

या दोन वाक्यांत सांध्याचं सगळं शास्त्र आहे. देठामुळे कडक बटणाला कापडापासून थोडं वेगळं हलता येतं. बकरममुळे ओढ एका टाक्यावर न पडता तळहाताएवढ्या जागेत वाटली जाते. कडक आणि मऊ यांच्या मध्ये एक मध्यम कडक पायरी तयार होते. इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते जे ‘ताण वाटून देणं’ म्हणतात, ते शिंपी शेकडो बटणं लावताना रोज करत असतात.

दोन धातू भेटतात म्हणजे काय होतं

सांधा नुसता टिकून भागत नाही, त्यातून वीजही गेली पाहिजे. वरवर पाहता दोन धातू एकमेकांना टेकले की काम झालं असं वाटतं. पण अगदी गुळगुळीत दिसणारा पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांचा प्रदेश असतो. दोन पृष्ठभाग टेकतात तेव्हा फक्त काही शिखरं शिखरांना भिडतात आणि सगळी वीज त्या मोजक्या वाटांनी जाते. दाब वाढवला की जास्त शिखरं भिडतात, रोध कमी होतो. टाका सैल झाला की शिखरं सुटतात आणि दिवा लुकलुकू लागतो. म्हणून चांगला सांधा म्हणजे सतत, कपडा कसाही हलला तरी, दाब टिकवून ठेवणारा सांधा.

हे काम एका साध्या वस्तूने फार सुंदर केलेलं आहे. ती म्हणजे टिचबटण. बाळाच्या झबल्यावर, पर्सवर, रेनकोटवर असतं ते. त्याच्या खालच्या भागाचे दात कापड भेदून घट्ट रुततात आणि वरचा भाग स्प्रिंगच्या जोरावर टिच् करून बसतो. पोस्ट आणि ऑर्थ यांनी हेच नोंदवलं होतं. टिचबटण धाग्यात घुसत असल्यामुळे वाहक कापडाशी त्याचा संपर्क अपेक्षेपेक्षा पक्का होतो, त्याच्या धातूवर डाखही देता येतो आणि धुण्याच्या वेळी वरचं यंत्र टिच् करून काढून ठेवता येतं. त्यांच्या गटाने बनवलेल्या संगीतमय डेनिम जॅकेटवर वाहक धाग्याने भरतकाम केलेली बटणपट्टी होती आणि तिच्यावर बोट ठेवलं की जॅकेट सूर वाजवायचं.

टिचबटणाचा हा उपयोग आपल्यापैकी अनेकांनी अंगावर अनुभवलेला आहे. ईसीजी काढताना छातीवर चिकटवतात त्या गोल चकतीच्या मध्यावर वर आलेली धातूची घुंडी असते आणि तारेचं टोक तिच्यावर टिच् करून बसतं. हृदयाची नोंद ठेवण्यासाठी चोवीस तास कमरेला बांधून फिरायच्या होल्टर यंत्राचंही तसंच. धावपटू छातीला बांधतात त्या पट्ट्यावरही दोन टिचबटणं असतात. आत वाहक कापडाचे दोन तुकडे त्वचेला लागून हृदयाचे विद्युतसंदेश घेतात आणि बाहेर बटणांवर छोटं यंत्र बसतं. फिनलंडच्या पोलर कंपनीने 1982 मध्ये हृदयाचे ठोके मोजणारं बिनतारी यंत्र बाजारात आणलं. त्या परंपरेतले आजचे पट्टे मऊ कापडाचे असतात. यंत्र काढायचं आणि पट्टा धुवायचा.

जॉर्जिया टेक विद्यापीठात भारतीय वंशाचे सुंदरेसन जयरामन आणि त्यांच्या सहकारी संगमी पार्क यांनी अमेरिकी नौदलाच्या मदतीने 1996 पासून एक बंडी विकसित केली. सैनिकाला गोळी लागली तर ती कुठे लागली हे बंडीत विणलेल्या प्रकाशतंतूंवरून कळावं, नाडी-श्वास मोजता यावेत, अशी ती योजना होती. या ‘अंगावर घालायच्या मदरबोर्ड’ला संवेदक जोडायचे कसे, हा प्रश्न तिथेही आला. त्यांनी वापरलेले जोडही कपड्यांच्या बटण-क्लिपसारखेच होते. पुन्हा बटणच!

सुई, दोरा आणि ओहमचा हिशेब

बटण थोडं जाड पडतं. शोभेचे दहा-वीस दिवे लावायचे असतील तर प्रत्येकाला दोन बटणं परवडत नाहीत. तिथे वाहक धाग्याने शिवणं हा मार्ग येतो. त्याला खरं बळ दिलं ते लिया बेकली यांनी. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात असताना त्यांनी शिवता येईल असा सर्किट बोर्ड तयार केला आणि 2007 मध्ये तो ‘लिलीपॅड आर्डुइनो’ या नावाने विक्रीस आला. लिलीपॅड म्हणजे पाण्यावर तरंगणारं कमळपान. बोर्डही तसाच, सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाचा, गोल, आणि कडेने पाकळ्यांसारखी मोठी भोकं, त्यातून सुई सहज जावी अशी. तोवर सर्किटची भोकं तारेसाठी असायची. बेकलींनी ती दोऱ्यासाठी केली. त्याआधी त्यांनी इवल्याशा एलईडीला दागिन्यातले चांदीचे मणी जोडून शिवता येणाऱ्या टिकल्याही बनवल्या होत्या. नोंदवल्या गेलेल्या प्रकल्पांच्या 2010 मधल्या अभ्यासात असं दिसलं की साध्या, न शिवता येणाऱ्या आर्डुइनो बोर्डावर काम करणारे बहुतेक पुरुष होते, तर लिलीपॅडवरचे बहुसंख्य प्रकल्प स्त्रियांनी केलेले होते. भोकाचा आकार बदलला आणि विजेच्या विद्येचं दार दुसऱ्या अर्ध्या लोकसंख्येसाठी उघडलं. मला ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

वाहक धागे प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. एक, नायलॉनवर चांदीचा मुलामा दिलेला. दुसरा, स्टेनलेस स्टीलच्या केसाहून बारीक तंतूंचा. दिसायला ते दोऱ्यासारखे असले तरी तारेइतके उदार नसतात. बाजारात मिळणाऱ्या दोनपदरी स्टीलच्या धाग्याचा रोध मीटरला साधारण 50 ओहम भरतो. पाव मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा अर्ध्या ओहमपेक्षाही कमी.

आता कमरेला बॅटरी आणि खांद्यावर दिवा आहे असं धरू. जायचा अर्धा मीटर, यायचा अर्धा मीटर, मिळून 50 ओहम. एका एलईडीला 5 मिलिअँपिअर पुरतात. वाटेत 0.25 व्होल्ट खर्च होतात, ते चालतं. पण त्याच दोऱ्यावर बारा एलईडी लावले तर 60 मिलिअँपिअर लागतील आणि तेवढा प्रवाह न्यायला वाटेतच 3 व्होल्ट खर्च होतील. 3 व्होल्टच्या बॅटरीकडे मग दिव्यांसाठी काही उरतच नाही. म्हणून शेवटचे दिवे मंद दिसतात आणि लोक बॅटरीला दोष देतात.

यावर उपाय दोन. एक, तोच मार्ग दोन-तीन पदरी शिवायचा. दुसरा, मुख्य रस्त्यासाठी वाहक कापडाची पट्टी वापरायची. कापडाचा रोध मोजण्याची रीत गमतीशीर आहे. तो ‘दर चौकोनाला इतके ओहम’ असा सांगतात. समान बाजूंचा चौकोन बोटाएवढा घ्या की चादरीएवढा, समोरासमोरच्या कडांमधला रोध सारखाच राहतो, कारण लांबी वाढते तेवढीच रुंदीही वाढते. समजा कापड चौकोनाला 1 ओहमचं आहे. 50 सेंटिमीटर लांब आणि 1 सेंटिमीटर रुंद पट्टी म्हणजे रांगेत 50 चौकोन, म्हणजे 50 ओहम. तीच पट्टी 5 सेंटिमीटर रुंद कापली तर चौकोन 10 आणि रोध 10 ओहम. कात्रीने रोध ठरवता येतो, ही सोय कुठल्याही तारेत नाही.

शिवण्याचे काही नियम अनुभवाने पक्के झालेले आहेत. बोर्डाच्या भोकातून एकच टाका घालून भागत नाही. तीन-चार वेढे घट्ट द्यावे लागतात, म्हणजे धातूला धातू दाबून राहतो. पायांच्या एलईडीचे पाय बारीक पक्कडीने वळवून त्यांची वेटोळी करतात. धन पायाचं गोल आणि ऋण पायाचं चौकोनी केलं की शिवताना गोंधळ होत नाही. गाठ मारून उरलेलं शेपूट आखूड कापावं लागतं, नाहीतर ते शेजारच्या धाग्याला टेकतं आणि सर्किट शॉर्ट होतं. वाहक धागा निसरडा असल्यामुळे गाठ सुटते, म्हणून तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब टाकतात. मात्र आधी घट्ट आवळायचं, मल्टिमीटर लावून वीज जाते का बघायचं आणि मग थेंब. आधी थेंब टाकला तर तो दोन धातूंच्या मध्ये शिरून वाट अडवतो.

मशीनवर शिवायचं तर वाहक धागा वरच्या सुईत न ओवता खालच्या बॉबीनवर भरतात. वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्यांमधून आणि सुईच्या डोळ्यातून पुन्हापुन्हा घासून त्याचे तंतू पिंजले जातात. खूप जाड वाहक धागा असेल तर तो कापडावर नुसता ठेवायचा आणि साध्या दोऱ्याच्या आडव्या टाक्यांनी जागच्या जागी बांधायचा. जरदोजीत जरीच्या जाड तारा अशाच बसवतात, कापडातून आरपार ओढत नाहीत. कारण तेच, धातू घासला जाऊ नये.

डाख, कल्हई आणि डिंक

मग डाख मुळीच वापरायचा नाही का? वापरता येतो, पण कापडाचा स्वभाव ओळखून. नेहमीचा कथिल-शिशाचा डाख 183 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, शिशाविना बनवलेला 217 अंशांच्या पुढे, आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक तर 300 अंशांच्या वर असतं. नायलॉन त्याच्या प्रकारानुसार 220 ते 260 अंशांना वितळतं. म्हणजे टोक दोन क्षण जास्त टेकलं की कापडाला भोक. म्हणून कथिल आणि बिस्मथ यांचा 138 अंशांना वितळणारा डाख वापरतात. पण तो ठिसूळ असतो, वाकवला तर तडकतो. चांदीच्या मुलाम्याची अडचण वेगळी. वितळलेल्या कथिलात चांदी विरघळते आणि पातळ मुलामा डाखच खाऊन टाकतो. तांब्याचा मुलामा दिलेलं कापड त्यामानाने डाख चांगला घेतं.

स्टेनलेस स्टीलचा धागा तर डाख धरतच नाही. हे समजायला कल्हईवाल्याची आठवण उपयोगी पडते. तांब्या-पितळेच्या भांड्याला कथिल लावण्याआधी तो नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि धातूवरचा मळ, गंज निघून जायचा. मग कथिल पाण्यासारखं पसरायचं. डाख देताना वापरतात तो राळेचा पदार्थ हेच काम करतो. स्टेनलेस स्टीलवर मात्र क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ, चिवट थर असतो. याच थरामुळे ते गंजत नाही. राळेला तो थर निघत नाही आणि कथिल थेंब होऊन घरंगळतं. स्टीलच्या धाग्याला म्हणून दाबून धरणारा सांधाच हवा. टाका, बटण किंवा चिमटा.

तिसरा मार्ग चिकटवण्याचा. चांदीची पूड घातलेला वाहक डिंक मिळतो. तो महाग असतो, वाळायला वेळ घेतो आणि त्याचे काही प्रकार वाळल्यावर कडक होतात. बर्लिनच्या फ्राउनहोफर आयझेडएम संस्थेने याच्या उलट वाटणारी युक्ती विकसित केली. त्यांचा डिंक वीज वाहतच नाही! कापडातल्या तारा आणि यंत्राचे संपर्कबिंदू यांच्यामध्ये उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचा पापुद्रा ठेवतात आणि तापवून दाबतात. प्लॅस्टिक वितळून बाजूला सरकतं, तारेवरचं वेष्टणही वितळतं आणि धातू धातूला भिडतो. थंड होताना प्लॅस्टिक आकसतं आणि दोघांना कायमचं दाबून धरतं. तारेचं वेष्टण आधी सोलण्याचीही गरज नाही. वीज वाहण्याचं काम धातूचं, धरून ठेवण्याचं काम डिंकाचं. कामांची ही वाटणी झाल्यावर सांधा टिकाऊ झाला. याच संस्थेने भरतकाम यंत्राने वाहक धागा बोर्डाच्या कडेतून आरपार शिवून त्यावर संरक्षक थर देण्याची पद्धतही अभ्यासली आहे.

घाम, साबण आणि पाण्याचा बादलीभर विचार

सांध्याची खरी परीक्षा नाचात होत नाही, धुण्यात होते. वॉशिंग मशीनमध्ये कपडा पिळला जातो, आपटला जातो, गरम साबणाच्या पाण्यात तासभर राहतो. ब्लीच चांदीचा मुलामा खराब करतं. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळी पडते, देवघरातलं निरांजन पडतं तशीच. आणि घाम म्हणजे मिठाचं पाणी. दोन वेगळे धातू जिथे भेटतात तिथे घाम पोचला की तिथे एक छोटीशी बॅटरीच तयार होते आणि दोघांपैकी जास्त क्रियाशील धातू झिजत जातो. म्हणून सांध्यात शक्यतो एकमेकांना मानवणारे धातू घ्यायचे आणि पक्का झालेला सांधा सिलिकोन किंवा कापडाच्या गोंदाने झाकून घ्यायचा. त्वचेला लागणाऱ्या बाजूला निकेलचा मुलामा नको, कारण अनेकांना त्याची ॲलर्जी असते. आणि बटणासारखी गोल बॅटरी लहान मुलांच्या कपड्यात असेल तर ती स्क्रूने बंद होणाऱ्या डबीतच हवी. मुलाने ती गिळली तर अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.

गूगल आणि लिवाइस यांनी 2017 मध्ये बाजारात आणलेल्या जॅकेटमध्ये डाव्या बाहीच्या कफात वाहक धागे विणलेले होते. त्यावर बोट फिरवलं की फोनवरचं गाणं बदलायचं. बॅटरी आणि चिप मात्र कफाला अडकवायच्या एका छोट्या पट्टीत होती, धुण्याआधी काढायची. त्यानंतरही पहिल्या जॅकेटचं विजेचं आयुष्य सुमारे दहा धुण्यांपुरतंच धरलं होतं. 2023 मध्ये त्या तंत्राचं ॲप बंद झालं. ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्याकडे आज एक चांगलं डेनिम जॅकेट तरी उरलं आहे. सगळं एकत्र चिकटवून टाकलं असतं तर तेही राहिलं नसतं. उघडता येणारा सांधा दुरुस्ती सोपी करतो आणि शेवटी कापड कापडाकडे, धातू धातूकडे जाऊ देतो.

सांध्याकडे उलट बाजूनेही बघता येतं. एमआयटीच्या त्या मीडिया लॅबमध्येच मॅगी ऑर्थ आणि सहकाऱ्यांनी ‘काजव्यांचा झगा’ बनवला होता. वाहक ऑर्गंझाचे दोन थर, एक बॅटरीच्या धन टोकाला, एक ऋण टोकाला आणि मध्ये जाळीदार कापड. त्या जाळीत एलईडी बसवलेले आणि त्यांच्या दोन्ही टोकांना वेल्क्रोचे वाहक केसाळ तुकडे. घालणारी चालली, वळली की ते केस थरांना लागायचे, सुटायचे, पुन्हा लागायचे आणि दिवे काजव्यांसारखे लुकलुकायचे. सैल सांधा हा जिथे दोष मानला जातो, तिथे त्यांनी त्याच सैलपणातून काजवे घडवले. मी हे वाचलं तेव्हा माझा विझलेला परकर आठवून मन भरून आलं. हालचालीशी भांडण्याऐवजी तिला जागा द्यायची, एवढंच मला तेव्हा सुचलं नव्हतं.

सुई आणि वीज यांची गाठ पडायला आपल्याकडे जागाही आहे. अनेक आयटीआयमध्ये एकाच इमारतीत एका खोलीत ‘सोइंग टेक्नॉलॉजी’चा वर्ग असतो आणि दुसऱ्या खोलीत ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’चा. एका वर्गात ओहमचा नियम शिकवतात, दुसऱ्यात काज कसं करायचं आणि बकरम कुठे लावायचं. बाळंतिणीच्या घरी नवजात बाळाचा ताप सांगणारी टोपी, रात्री सायकलवर जाणाऱ्या मुलीच्या पाठीवरचा दिवा, म्हाताऱ्या माणसाच्या पायमोज्यातला दाब मोजणारा पट्टा, या सगळ्या वस्तू त्या दोन खोल्यांच्या मधल्या व्हरांड्यात तयार होऊ शकतात. आठवड्यातून एक तास दोन्ही वर्ग एका टेबलाशी बसले तरी खूप होईल. तिथे ज्या मुली सुईत तरबेज आहेत त्या शिकाऊ नसतील, शिक्षक असतील.

काकूंनी मग तो परकर पुन्हा शिवला. एलईडीच्या चकत्या घेरावरून काढून कमरपट्ट्याजवळ घेतल्या, जिथे कापड कमी वळतं. प्रत्येकीमागे बकरम, खाली दोऱ्याचा देठ, वाहक धाग्याचे चार वेढे, तारेऐवजी नागमोडी टाका आणि बॅटरीला दोन टिचबटणं. मी मल्टिमीटरची टोकं पहिल्या आणि शेवटच्या सांध्याला लावली आणि भाचीने परकर धरून शंभर वेळा झटकला, पिळला, चुरगाळला. एकदाही ‘पीं’ तुटला नाही. नंतर तिने बॅटरी टिच् करून काढली आणि परकर धुवायच्या बादलीत टाकला, इतर कपड्यांसारखाच.